संगणकीय युद्धखेळांतील सैनिकाचे वस्तुमान आणि मराठ्यांची युद्धरचना : सातारा-सांगली परिसरातील युद्धप्रसंगांच्या संदर्भात

प्रास्ताविक

इतिहासाच्या वर्गात प्रवेश करणारा विद्यार्थी युद्धाविषयीची काही एक प्रतिमा मनात घेऊनच येत असतो. पूर्वी ही प्रतिमा पोवाडा, बखर, ऐतिहासिक कादंबरी आणि चित्रपट यांतून घडत असे. गेल्या पंचवीस वर्षांत या साधनांच्या जोडीला संगणकावरील युद्धखेळ येऊन बसले आहेत. १९९९ मधील 'एज ऑफ एम्पायर्स २', २००४ मधील 'रोम : टोटल वॉर' आणि २००९ मधील 'एम्पायर : टोटल वॉर' ही त्यांतील ठळक नावे होत. यांपैकी शेवटच्या खेळाचा कालपट १७०० ते १७९९ असा असून त्यात खेळाडूस मराठ्यांची सत्ता स्वीकारून खेळता येते. योगायोग असा, की १७०० मध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती गेला आणि १७९९ मध्ये तासगावकर परशुरामभाऊ पटवर्धन पट्टणकुडीच्या लढाईत मारले गेले. खेळ तयार करणाऱ्यांच्या मनात या घटना असण्याचे कारण नाही. परंतु सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत इतिहास शिकविणाऱ्या प्राध्यापकास मात्र त्या डोळ्यांआड करता येत नाहीत.

हे खेळ चांगले की वाईट, त्यांमुळे अभ्यासाचे किती नुकसान होते, या सर्वपरिचित वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रस्तुत लेखाचा प्रश्न मर्यादित आहे. खेळातील पायदळाची तुकडी समोरच्या तुकडीस रेटते, मोडते किंवा स्वतः मोडते, तेव्हा संगणक नेमके काय मोजत असतो? आणि जे तो मोजतो, ते मराठ्यांच्या युद्धप्रसंगांना लावून पाहिले असता काय हाती लागते व काय निसटते?

सैनिकाचे पत्रक

'रोम : टोटल वॉर' या खेळातील प्रत्येक तुकडीची माहिती एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिलेली असते. ही फाइल कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येते व बदलताही येते. इतिहासाच्या अभ्यासकाने ती एखाद्या फर्दीप्रमाणे वाचावी, इतकी ती बोलकी आहे. तुकडीत माणसे किती, शस्त्र कोणते, चिलखत व ढाल यांचे गुण किती, उभारणीचा खर्च किती आणि पोसण्याचा खर्च किती, हे सर्व तीत ओळीने येते.

सैनिकांच्या संख्येच्याच ओळीत एक लहानसा आकडा असतो. तो म्हणजे टकरीच्या वेळी धरावयाचे प्रत्येक माणसाचे वस्तुमान. सर्वसाधारण पायदळ सैनिकाचे वस्तुमान १ धरलेले असते. हलक्या सैनिकास त्याहून थोडे कमी आणि जड चिलखती सैनिकास थोडे अधिक दिले जाते. घोड्याचे वस्तुमान वेगळ्या फाइलमध्ये नोंदलेले असते. हा आकडा किलोग्रॅममध्ये नाही. दोन माणसे एकमेकांवर आदळली असता कोण किती मागे सरकेल, एवढेच ठरविणारे ते एक तुलनात्मक माप आहे. भौतिकशास्त्रातील संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, हे सूत्र येथे ढोबळ स्वरूपात कामास लावलेले दिसते.

रचनेची ओळ वेगळी असते. तीत शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या सैनिकांमधील अंतर आणि पुढच्या-मागच्या सैनिकांमधील अंतर मीटरमध्ये दिलेले असते. तेही दोनदा, एकदा दाट रचनेसाठी व एकदा विरळ रचनेसाठी. त्यानंतर ओळींची संख्या येते आणि शेवटी त्या तुकडीस कोणकोणत्या रचना करता येतील ते नमूद केलेले असते : चौकोन, झुंड, भालाइतांची फळी, ढालींचे कासव, पाचर इत्यादी.

या दोन ओळी एकत्र वाचल्या म्हणजे खेळातील 'रेटा' कसा निर्माण होतो ते उलगडते. उदाहरणादाखल १६० माणसांची तुकडी ४ ओळींत उभी केली, तर प्रत्येक ओळीत ४० माणसे येतात. दोन माणसांत १.२ मीटर अंतर ठेवल्यास आघाडी सुमारे ४८ मीटर रुंद होते. म्हणजे आघाडीच्या दर मीटरमागे तीनहून अधिक माणसांचा भार पडतो. तीच माणसे २.४ मीटर अंतरावर उभी केली, की आघाडी ९६ मीटर होते आणि दर मीटरमागील भार निम्म्यावर येतो. माणसे तीच, शस्त्रे तीच, परंतु समोरून दाट तुकडी आली तर विरळ तुकडी फाटते. उलट बाण किंवा गोळ्यांचा वर्षाव होत असेल, तर विरळ तुकडीचे नुकसान कमी होते. खेळाडूने रणांगणावर घ्यावयाचे बहुतेक निर्णय या एका तारतम्यावर उभे असतात.

दाटी ही नेहमीच बळ नव्हे, हे सांगण्यास साताऱ्याच्या किल्ल्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. औरंगजेबाने डिसेंबर १६९९ मध्ये किल्ल्यास वेढा घातला. प्रयागजी प्रभू हे किल्लेदार होते. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. पहिल्या स्फोटात किल्ल्यावरील माणसे गाडली गेली. दुसरा सुरुंग उडाला तेव्हा तट बाहेरच्या अंगास कोसळला आणि हल्ल्यासाठी तटाखाली दाटीने उभे असलेले मोगल सैन्यच त्याखाली सापडले. मृतांचा आकडा इतिहासग्रंथांत सुमारे दोन हजार असा येतो. त्याच महिन्यात किल्ला तहाने मोगलांकडे गेला व शाहजाद्याच्या नावावरून त्याचे आझमतारा असे नामकरण झाले. 'एम्पायर : टोटल वॉर'चा पहिला डाव ज्या वर्षी सुरू होतो, ते हे वर्ष.

टक्कर खरोखर होते काय?

खेळात घोडदळ भरधाव येऊन पायदळावर आदळते आणि माणसे हवेत उडतात. हे दृश्य पाहण्यास रोमांचक असले तरी त्यामागील गृहीतक तपासून घेण्याजोगे आहे. ब्रिटिश इतिहासकार जॉन कीगन यांनी १९७६ च्या 'द फेस ऑफ बॅटल' या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की घोडा हा घट्ट उभ्या असलेल्या माणसांच्या भिंतीवर स्वतःहून आदळत नाही. तो थबकतो किंवा वळतो. भिंत टिकली तर हल्ला फसतो. भिंतीतील माणसे आधीच डळमळून बाजूला झाली, तरच घोडा आत शिरतो. त्याच्या शंभर वर्षे आधी आर्दां द्यु पिक या फ्रेंच अधिकाऱ्याने हाच मुद्दा पायदळाच्या बाबतीत मांडला होता : दोन फळ्या प्रत्यक्ष छातीस छाती भिडण्यापूर्वीच त्यांपैकी एकीचा धीर बहुधा सुटलेला असतो. १८७० मध्ये तो युद्धात मारला गेला व त्याचे लेखन पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ असा, की ज्यास खेळ वस्तुमान म्हणतो ते पुष्कळ अंशी धैर्य, शिस्त आणि शेजारच्या माणसावरील विश्वास यांचे मिश्रण असते. खेळ तयार करणाऱ्यांना याची जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच फाइलमध्ये मनोबल, शिस्त व प्रशिक्षण यांची स्वतंत्र ओळ आहे आणि शिस्तीच्या रकान्यात 'उतावळी' असाही एक शेरा देता येतो; असा शेरा असलेली तुकडी हुकमाशिवाय शत्रूवर धावून जाऊ शकते. उष्ण हवेत जड चिलखताने येणारा थकवा, जंगलात किंवा वाळूत लढण्याचा फायदा-तोटा, यांचेही रकाने आहेत. पत्रक बरेच पूर्ण आहे. म्हणूनच त्यात काय नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

जावळीची अरुंद वाट

युद्धातील संख्याबळाचे गणित फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. त्याचे दोन नियम गणिताच्या प्राध्यापकांस परिचित असतील. ज्या लढाईत प्रत्येकास प्रत्येकावर मारा करता येतो, तेथे सैन्याचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समान कुवतीचे १०० विरुद्ध ७० असा सामना असेल तर ७० संपूर्ण नष्ट होईपर्यंत १०० पैकी सुमारे ७१ शिल्लक राहतात. ज्या लढाईत एकास एकच भिडू शकतो, तेथे हिशोब सरळ वजाबाकीचा होतो आणि ३० च उरतात. मोकळे मैदान पहिल्या नियमाकडे झुकते, तर खिंड व पायवाट दुसऱ्याकडे.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले, त्याचे स्पष्टीकरण या दोन नियमांच्या आधारे विद्यार्थ्यांना चांगले देता येते. अफजलखानाचे सैन्य वाईच्या मोकळ्या मुलखात असते तर त्याचा पसारा हेच त्याचे बळ ठरले असते. जावळीच्या खोऱ्यात, पार गावच्या परिसरात, तोच पसारा निरुपयोगी झाला. उंट, हत्ती, घोडदळ व तोफा यांना हालचालीस जागा नव्हती. आघाडी पसरता येत नव्हती. झाडीत दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी गडावरील इशारतीच्या तोफेनंतर छावणीवर चहूबाजूंनी हल्ला केला. खानाची छावणी कोणत्याही रचनेत उभी नव्हती. आणि रचनेत नसलेल्या सैन्याचे वस्तुमान, खेळाच्या भाषेत बोलावयाचे तर, बेरजेस येत नाही.

येथे खेळाची एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. खेळात तुकडी ही अविभाज्य असते. तिला एक निशाण, एक नायक व एक हुकूम असतो; तिचे दहा तुकडे करून दहा वाटांनी पाठविता येत नाहीत. शिवकालीन पायदळाची बांधणी नेमकी याच्या उलट होती. जिंजी येथे राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या सभासद बखरीवरून ती समजते. दहा जणांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, दोन किंवा तीन हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. ही उतरंड पगारपत्रकाची सोय म्हणून वाचली जाते, पण ती युद्धरचनाही आहे. दहा माणसांना स्वतंत्र नायक असला, की ती दहा माणसे झाडीत एकटी सोडता येतात व पुन्हा पन्नासांत, शंभरांत, हजारांत एकत्र करता येतात. जावळीत रेटा निर्माण झाला तो माणसे एकाच क्षणी एकाच जागी येऊन मिळाल्यामुळे. त्यापूर्वी ती विखुरलेलीच होती.

उमराणीचे पाणी

सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात उमराणी हे गाव आहे. जत हा दुष्काळी तालुका; तेथील एप्रिल महिना कसा असतो हे या भागातील वाचकांस सांगावयास नको. १६७३ च्या मार्चमध्ये पन्हाळा स्वराज्यात आल्यावर विजापूर दरबाराने बहलोलखानास त्या बाजूस पाठविले. त्यास अडविण्याची कामगिरी सरनौबत प्रतापराव गुजर यांच्याकडे होती. प्रतापरावांचे गाव भोसरे. हे आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात येते. म्हणजे ही लढाई साताऱ्याच्या माणसाने सांगलीच्या भूमीवर केलेली होती, असे आजच्या नकाशाच्या आधारे म्हणता येईल.

एप्रिलमध्ये उमराणीजवळ प्रतापरावांनी खानाचे सैन्य व पाणी यांच्यामध्ये आपली फौज आणून उभी केली. लढाई झाली, माणसे पडली. परंतु खानास नमविले ते तहानेने. माणसांइतकीच घोड्यांची व हत्तींची तहान. अखेर खानाने वाट मागितली व प्रतापरावांनी ती दिली.

ही लढाई खेळात मांडावयाची असे ठरविले तर अडचण तत्काळ लक्षात येते. उन्हाच्या थकव्याचा रकाना पत्रकात आहे, परंतु पाण्याचा नाही. खेळाच्या रणांगणावर नदी असते ती ओलांडण्यासाठी. उतार कोठे आहे, पूल कोणाच्या ताब्यात आहे, एवढाच तिचा अर्थ. नदीचे पाणी कोणी पीत नाही. त्यामुळे खानाची जड तुकडी आणि प्रतापरावांचे हलके घोडदळ समोरासमोर ठेवले, की आकडे खानाच्या बाजूने बोलू लागतात. उमराणीच्या लढाईत वस्तुमान हे बळ नसून ओझे होते. जितके सैन्य मोठे, जितकी जनावरे अधिक, तितकी तहान मोठी.

पुढे काय झाले ते महाराष्ट्रास ठाऊक आहे. खानास सोडून दिल्याबद्दल शिवाजी महाराजांची नाराजी ओढवून घेतलेले प्रतापराव २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले व मारले गेले. काव्यात हा प्रसंग अजरामर झाला आहे. युद्धशास्त्राच्या वर्गात मात्र नेसरीपूर्वी उमराणी शिकविली जावी. नेसरीने मन हेलावते हे खरे. पण युद्ध कसे जिंकले जाते हे उमराणीत दिसते आणि दोन्ही ठिकाणी सेनापती एकच आहे.

घोडा कोणाचा?

पत्रकात नसलेला दुसरा रकाना मालकीचा आहे. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर व शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिरास घोडा व हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येई. शिलेदाराचा घोडा पडला तर नुकसान प्रामुख्याने त्याचेच, आणि घोड्याबरोबर चाकरीही जाण्याची भीती. असा स्वार भाल्यांच्या किंवा संगिनींच्या फळीवर आपले जनावर घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करील, यात नवल ते काय? शत्रूस झुलवावे, रसद तोडावी, पिछाडी लुटावी, आणि प्रसंग पाहून घाव घालावा, ही पद्धत भूगोलाइतकीच या मालकीच्या हिशोबातूनही आलेली आहे. शिवाजी महाराजांनी पागेचे बळ वाढवून शिलेदारांस पागेच्या हुकमाखाली ठेवले, त्याचे मर्मही येथेच आहे.

खेळात सर्व तुकड्यांचा उभारणीचा व पोसण्याचा खर्च खेळाडूच्या खजिन्यातून जातो. दुसऱ्या शब्दांत, खेळातील प्रत्येक स्वार बारगीर असतो. शिलेदार एकही नाही. मराठ्यांचे घोडदळ हे 'हलके' म्हणून दाखविले जाते व विद्यार्थी त्याचा अर्थ दुबळे असा घेतो. ते हलके का होते, याचे उत्तर घोड्याच्या उंचीत व चिलखताच्या अभावात जितके आहे, तितकेच घोड्याची किंमत कोणी भरली यातही आहे.

गोलाची लढाई

अठराव्या शतकाच्या मध्यानंतर मराठ्यांच्या सैन्यात कवायती पायदळ आले. फ्रेंच सेनानी बुसी याच्या हाताखाली तयार झालेल्या इब्राहीमखान गारद्याच्या पलटणी पानिपतावर भाऊसाहेबांबरोबर होत्या. दाट रचना, एका हुकमाने गोळीबार, संगीन व सोबत तोफा अशी ही फौज होती. यमुनेकडे वाट काढण्यासाठी गोल बांधून चालावयाचे, म्हणजे कडेने गारदी, तोफा व लढाऊ पथके आणि मध्ये बुणगे, बायकामाणसे व सामान ठेवून सरकावयाचे, अशी योजना ठरली. व्यूहरचनेचा हा प्रश्न मराठी इतिहासलेखनात जितका चर्चिला गेला तितका अन्य कोणताही क्वचितच. गनिमी काव्याचे पुरस्कर्ते व गोलाच्या लढाईचे पुरस्कर्ते यांचा वाद आजही शमलेला नाही.

१४ जानेवारी १७६१ रोजी इब्राहीमखानाने दोन पलटणी तिरप्या वळवून आपली बगल राखली आणि उरलेल्या सात पलटणी संगिनी सरसावून रोहिल्यांवर घातल्या. रोहिल्यांची फळी मोडली, त्यांची हानी जबर झाली. मराठी बखरी व त्यांवर विसंबणारे इतिहासकार सांगतात, की या यशाने उत्साहित होऊन विंचूरकर व गायकवाड यांची घोडदळाची पथके गोल सोडून पुढे धावली. ती गारद्यांच्या माऱ्याच्या वाटेत आल्याने तोफा थांबल्या, पथके मागे रेटली गेली आणि गोलास खिंडार पडले. गारदी जागेवर लढून जवळजवळ संपले.

खेळाच्या भाषेत यास 'उतावळी' तुकडी म्हणता येईल व तसा रकाना पत्रकात आहे, हे वर आलेच आहे. परंतु खेळात उतावळेपणा हा त्या तुकडीचा जन्मजात स्वभाव असतो. पानिपतावर तो स्वभाव नव्हता. एका बाजूस रोख पगारी, हुकमाने चालणारे परके पायदळ आणि दुसऱ्या बाजूस पिढीजात सरंजामी सरदार. गारद्यांच्या पगाराविषयी व मानाविषयी सरदारांच्या मनात असलेली अढी. नव्या रचनेची सवय नसणे. दोन वेगळ्या समाजरचना एकाच गोलात उभ्या केल्या होत्या. शिवण तेथे उसवली.

पुढील चार दशकांत महादजी शिंदे यांच्या आश्रयाने द बॉयन याने कंपू उभारले. १७९० मध्ये मेडत्याच्या लढाईत त्याच्या पायदळाने पोकळ चौकोन करून राठोडांच्या घोडदळाचा हल्ला परतविला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या कवायती पलटणींनी शत्रू बगलेवर आलेला पाहून आपली संपूर्ण आघाडी वळविली. ही हालचाल वेलस्लीस अपेक्षित नव्हती. ज्याने हे खेळ खेळले आहेत त्यास हजारो माणसांची रांग शत्रूसमोर काटकोनात फिरविणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. येथे खेळाचा अनुभव इतिहासाच्या समजुतीस खरोखरच साहाय्य करतो, हे मान्य केले पाहिजे. असईत इंग्रजांचे सुमारे १,६०० लोक ठार व जखमी झाले आणि मराठ्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत.

धारवाडची तोफ

असईच्या बारा वर्षे आधीचे एक चित्र याच्या शेजारी ठेवण्यासारखे आहे. तिसऱ्या म्हैसूर युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडास वेढा घातला होता. कॅप्टन लिटल याची इंग्रज तुकडी त्यांच्या मदतीस होती. १७९० च्या सप्टेंबरपासून १७९१ च्या एप्रिलपर्यंत हा वेढा चालला. त्या तुकडीतील एडवर्ड मूर याने १७९४ मध्ये या मोहिमेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात तो सांगतो, की मराठ्यांच्या मोर्चावर तोफ भरून झाली म्हणजे मंडळी बसून अर्धा तास गप्पागोष्टी व धूम्रपान करीत. मग तोफ डागली जाई. धुरळा चांगला उडाला म्हणजे समाधान होई आणि पुन्हा भरणी व पुन्हा गप्पा. दुपारी एक ते तीन या वेळात तर दोन्ही बाजू जणू परस्पर संमतीने तोफा बंद ठेवीत.

मूर हा परका अधिकारी होता व त्याच्या लेखणीतील उपहास वजा करूनच हे वर्णन वाचावयास हवे. पुढे १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास असलेल्या ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात या माहितीचा उपयोग केल्याने ती सर्वत्र पसरली. तरीही ती महत्त्वाची अशासाठी, की खेळात तोफ भरण्यास लागणारा वेळ सेकंदांत मोजलेला व सर्व दिवस सारखा असतो. 'एम्पायर : टोटल वॉर'मध्ये ओळीओळीने गोळीबार किंवा चौकोन बांधणे ही कौशल्ये संशोधनाने प्राप्त होतात, एकदा प्राप्त झाली, की ती सर्व सैन्यास कायमची येतात. धारवाड ते असई या अवघ्या बारा वर्षांत मराठ्यांच्याच तोफखान्याची दोन इतकी भिन्न रूपे दिसतात, कारण एक पटवर्धनांच्या जुन्या पद्धतीच्या फौजेचा होता व दुसरा शिंद्यांच्या कवायती फौजेचा. 'मराठा तोफखाना' असा एकच आकडा दोघांनाही लावणे शक्य नाही.

वर्गातील उपयोग

वरील विवेचनाचा अध्यापनात उपयोग करावयाचा झाल्यास त्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. पत्रकातील दहा-बारा रकाने फळ्यावर लिहून द्यावेत आणि विद्यार्थ्यांच्या एका गटास प्रतापगडाच्या, दुसऱ्यास उमराणीच्या, तिसऱ्यास पानिपताच्या सैन्याचे पत्रक भरण्यास सांगावे. ज्यांच्याकडे खेळ आहे त्यांनी सैनिकाचे वस्तुमान १ वरून थोडे कमी-अधिक करून तीच लढाई पुन्हा खेळावी व फरक नोंदवावा. लँचेस्टरच्या नियमांचे गणित गणित विभागाने सोडवून घ्यावे, संवेगाचे भौतिकशास्त्र विभागाने. भूगोल विभागास जतच्या एप्रिलमधील पाण्याची स्थिती सांगता येईल. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून सिद्ध केलेला 'ऐतिहासिक लेखसंग्रह' ग्रंथालयातून काढून त्यातील मोहिमांची पत्रे वाचावीत. फौज कशाने चालते व कशाने अडते, हे त्या पत्रांतून दिसते तसे कोणत्याही रंगीत पडद्यावरून दिसत नाही.

त्यानंतर प्रत्येक गटाने पत्रकास एकच नवा रकाना जोडावा आणि तो कोणत्या साधनाच्या आधारे भरला ते लिहावे, अशी अट घालावी. उमराणीच्या गटाचा रकाना बहुधा पाण्याचा असेल. त्यात आकडा भरण्यापूर्वी त्या गटास जनावरे किती होती, घोड्यास व हत्तीस दिवसाकाठी पाणी किती लागते आणि पाणवठा छावणीपासून किती अंतरावर होता, हे प्रश्न सोडवावे लागतील. त्यासाठी एखाद्या रविवारी जतला जाऊन येणे ओघाने आलेच. शक्य तर एप्रिलमध्ये.